भिंतीतली वीतभर जागा

थंडगार पाण्याचा पेला टेबलावर ठेवायचा आणि समोरच्या नवख्या कारागिराला सांगायचं, "पाच मिनिटं याच्याकडे बघत बस. हात लावायचा नाही." वस्तादांची शिकवायची पद्धत ही अशी. पाच मिनिटांत पेल्याला बाहेरून बारीक थेंब धरायचे, थेंबाला थेंब मिळून ओघळ खाली यायचा आणि टेबलावर पाण्याचं कडं उमटायचं.

"पेला गळका आहे का?" वस्ताद विचारायचे.

"नाही."

"मग पाणी कुठून आलं? तुझ्या डोळ्यांतून?"

नवखा हसायचा. वस्ताद हसायचे नाहीत. "हवेतून आलं. हवेच्या पोटात पाणी असतं. गार वस्तू दिसली की ते जाऊन तिला बिलगतं. आपलं काम एवढंच, की हवेला गार पाइप दिसता कामा नये."

मोठ्या इमारती गार ठेवण्यासाठी ज्या पाइपांतून थंड पाणी फिरतं, त्या पाइपांना वेष्टण घालणं हा वस्तादांचा धंदा. कागदोपत्री त्याला इन्सुलेशन म्हणतात. वस्ताद कोट म्हणत. काळ्या, मऊ, फुगीर रबराची नळी लांबीत चिरायची, पाइपावर चढवायची, चिरेच्या दोन्ही कडांना गोंद लावायचा आणि मग थांबायचं. सगळी गोम या थांबण्यात. ओल्या गोंदावर कडा दाबल्या तर त्या महिन्याभरात तोंड वासतात. बोटाची पाठ टेकवून चिकटली नाही, की मग दाबायचं. जिथे नळी चढतच नाही, म्हणजे झडपेच्या मानेला वगैरे, तिथे जाड लेप द्यायचा. एकावर एक तीन हात, प्रत्येक हात पुरता वाळवून. सगळ्यावर कापडाची पट्टी आणि पांढरा रंग.

चौतीस वर्षं त्यांनी हे केलं. सुरुवात गरम पाइपांवर झाली, कारखान्यातल्या वाफेच्या. तिथून ते थंड पाइपांकडे आले तेव्हा त्यांना शिकवणारा म्हातारा म्हणाला होता, "गरम पाइप चूक माफ करतो. उघडा राहिला तर थोडी ऊब वाया जाते, संपलं. थंड पाइप मात्र मनात ठेवतो. बोटभर उघडा ठेवलास तरी तो तिथेच पाणी धरणार, आणि वर्षानुवर्षं धरणार." हे वाक्य वस्तादांनी पुढे इतक्या जणांना ऐकवलं, की ते त्यांचंच आहे असं लोकांना वाटू लागलं. पुढे पुढे त्यांनाही.

अकरा वर्षांपूर्वी त्यांनी शहरातल्या मोठ्या ग्रंथालयाचं काम केलं. तिथे जुन्या वर्तमानपत्रांचं एक दालन आहे. सव्वाशे वर्षांची वर्तमानपत्रं, महिन्यामहिन्यांची बांधून ठेवलेली, पोत्यासारखी जड बाडं. कागद टिकावा म्हणून दालन गार आणि कोरडं ठेवायचं ठरलं. थंड पाण्याचे पाइप टाकले वस्तादांच्या मेहुण्याने. हा त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ, पेशाने प्लंबर. हातात सदानकदा पाना, म्हणून ग्रंथालयात सगळे त्याला पान्या म्हणत. बहीण मात्र धाकट्या म्हणायची. ग्रंथालयाच्या नळांचं, टाक्यांचं, पाइपांचं सगळं काम त्याच्याकडेच असायचं. भिंतीत पाइपासाठी भोकं पाडली एका गवंड्याने. आणि पाइपांना कोट घातला वस्तादांनी.

तो कोट बघण्यासारखा झाला होता, यात शंका नाही. बोळातून पांढरेशुभ्र पाइप एका ओळीत गेलेले, सगळ्या शिवणी एका रेषेत आणि खालच्या अंगाला, वळणांवर बांगड्यांसारख्या कापलेल्या चकत्या इतक्या नेमक्या बसलेल्या की नख जाणार नाही. पुढे नवा कारागीर हाताखाली आला की पेल्याचा धडा झाल्यावर वस्ताद त्याला ग्रंथालयात घेऊन जायचे. बोळ जिथे संपतो आणि पाइप भिंत ओलांडून दालनात शिरतो, तिथे ते भिंतीवर तळवा ठेवून उभे राहायचे. "कोट अखंड पाहिजे," ते म्हणायचे. "बारा मजले नीट करा आणि बोटभर सोडा, तर तुम्ही काहीच केलं नाही."

आणि तळव्याच्या मागे, बरोबर त्याच भिंतीत, वीतभर पाइप उघडा होता.

झालं होतं ते असं. गवंड्याने ते भोक लहान पाडलं होतं. पाइप जाई, पण पाइप आणि कोट मिळून जाईना. त्याआधी चारच दिवस वस्तादांनी त्याच गवंड्याची सगळ्यांदेखत टिंगल केली होती. दुसरं एक भोक तिरकं गेलं होतं, त्यावर ते म्हणाले होते, "मामा, छिन्नीने पाडलंत की उंदराकडून करून घेतलंत?" सगळे हसले. गवंडी म्हणाला, "पुढचं लहानमोठं करून हवं असेल तर उंदराकडेच जा." हसण्यावारी गेलं. पण आता त्याच्याकडे जाऊन, "मामा, एवढं भोक मोठं करून द्या," म्हणायचं वस्तादांच्या जिवावर आलं. शिवाय पान्याला त्यांनी फुशारकीने सांगून ठेवलं होतं, "शनिवारी शिडी उतरलो की या इमारतीत परत चढणार नाही."

शनिवारी दुपारी त्यांनी झोळीतलं कापड काढलं. गोंदाचे हात पुसायला बायकोने जुना पडदा फाडून, कडा मुडपून तुकडे शिवून दिले होते. निळ्या कापडावर पांढऱ्या चौकटी. त्यातला एक तुकडा त्यांनी पाइपाभोवती गुंडाळून भोकात पेचकसाने कोंबला, दोन्ही तोंडांना लेप दिला, वर पट्टी, वर रंग. तासाभराने त्यांचं त्यांनाही ओळखू आलं नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. ते शिडी उतरले.

पहिलं वर्षभर त्यांना ती वीत आठवायची. मग अधूनमधून. मग ते तिथेच उभं राहून धडे द्यायला लागले, आणि आठवण बुजली. चांगलं काम केल्याचं कौतुक दहा तोंडांनी ऐकलं की माणूस त्यातल्या वाईटाचा साक्षीदार उरत नाही.

दहा वर्षं काही झालं नाही, कारण बोळही कोरडाच होता. मग ग्रंथालयाने बोळाच्या टोकाला आडोसा घालून वाचकांसाठी चहाची खोली केली. किटली दिवसभर उकळत राहायची. तिची वाफ वर जायची, आणि वर तो पाइप होता. लेपाला भिंतीपाशी केसाएवढी चीर पडलेली. ओली हवा तिथून आत गेली, तिला गार पाइप दिसला, आणि पुढचं सगळं पेल्यासारखं झालं. फक्त इथे पाणी टेबलावर पडलं नाही. कापडाने ते प्यायलं, पोट भरेपर्यंत प्यायलं, आणि मग भिंतीच्या पलीकडे, कपाटामागे, गुपचूप सोडायला लागलं.

ग्रंथपाल बाईंनी एक बाड ओढलं, ते आलं नाही. शेजारच्याला धरून बसलं होतं. दोन्ही मिळून बाहेर आली तेव्हा मागची बाजू पावासारखी फुगलेली. अशी शेहेचाळीस बाडं निघाली.

मंगळवारी व्यवस्थापकांनी सगळ्यांना बोलावलं. व्यवस्थापक म्हणजे इमारतीची देखभाल बघणारे साहेब. वेळेवर येणारे, वेळेवर जाणारे, मधल्या वेळात कटकट नको असणारे. पान्या आधीच शिडीपाशी उभा होता. ग्रंथपाल बाई एक फुगलेलं बाड तान्ह्या मुलासारखं दोन्ही हातांवर घेऊन आल्या होत्या.

"पाइप गळतोय," व्यवस्थापक म्हणाले.

"साहेब, गळत नाही," पान्या म्हणाला. "मी पाणी कोंडून दाब लावून ठेवला होता. काटा दिवसभर जागचा हलला नाही. गळती असती तर काटा पडला असता की!"

"काटा बिघडला असेल."

"काटा नवा आहे."

"मग पाणी काय आभाळातून आलं?" साहेब वस्तादांकडे वळले. "तुम्ही यातले जाणकार. तुमचा शब्द शेवटचा. बघून सांगा, हा गार पाइपाला सुटलेला घाम आहे की गळती?"

वस्ताद शिडी चढले. गेल्या तीन वर्षांत ते इथे आले नव्हते. हात लावण्याआधीच त्यांना सगळं कळलं होतं. तरी त्यांनी कोटावरून तळवा फिरवला, बोटांनी टकटक केली, शिवण तपासली. सगळं कोरडं. भिंतीपाशी अंगठा नेला तेव्हा चिरेतला गारवा अंगठ्याला लागला. ओला गारवा. खाली किटली फुसफुसत होती. 'ही चहाची खोली केली तिथेच चुकलं,' त्यांच्या मनात आलं. 'ही नसती तर आणखी पन्नास वर्षं काही झालं नसतं.' या विचाराचा त्यांना क्षणभर मोठा आधार वाटला.

"काय वस्ताद?"

ते खाली उतरले. रुमालाने हात पुसत म्हणाले, "कोट शाबूत आहे. दोन्हीकडून कोरडा आहे."

"म्हणजे गळतीच," साहेब म्हणाले.

वस्ताद बोटांच्या पेरांमधली नसलेली धूळ पुसत राहिले.

पान्याने त्यांच्याकडे बघितलं. "भावोजी, भिंतीच्या आत?"

"भिंतीच्या आत काय?"

"आत कोट आहे ना?"

"अरे, नसायला काय झालं?" वस्ताद म्हणाले, आणि वर हसले.

पान्याने मान डोलावली. त्याचा विश्वास बसला होता, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. तो नुसता गोंधळला होता. आपल्या कामात खोट नाही हे त्याला ठाऊक होतं, भावोजींच्या कामात खोट नसते हेही ठाऊक होतं, आणि पाणी तर समोर होतं. साहेबांनी त्याला शुक्रवारपर्यंतची मुदत दिली. कारण सापडलं नाही तर एकोणीस वर्षांचं काम महिनाअखेर बंद आणि नावापुढे 'हयगय' असा शेरा. तो शेरा वाचून दुसरी कुठली कचेरी त्याला दारात उभं करणार नव्हती.

संध्याकाळी घरी बायको ताट वाढताना म्हणाली, "धाकट्याचा फोन आला होता. म्हणाला, ताई, भावोजींनी स्वतः चढून बघितलं, आता काळजी नाही. काहीतरी मार्ग निघेल."

वस्तादांनी ताट बाजूला सरकवलं. "भूक नाही," ते म्हणाले.

"बाहेर काही खाल्लंत वाटतं."

"हो," ते म्हणाले. एवढ्यासाठीही खोटं बोलावं लागलं.

बुधवारी त्यांनी तीनदा फोन हातात घेतला. सांगायचं काय, हे तिन्ही वेळा ठरलेलं होतं. पण तिन्ही वेळा पान्याचा चेहरा डोळ्यांसमोर आला, साहेबांचा नव्हे. साहेबांनी अपमान केला असता तर सोसला असता. पान्या पंधरा वर्षांचा असल्यापासून त्यांना बघत आला होता. धंद्यात उतरताना त्याने विचारलं होतं, "भावोजी, प्लंबर होऊ की तुमच्या हाताखाली येऊ?" आणि यांनी म्हटलं होतं, "माझ्या कामाला सबुरी लागते, ती तुझ्याकडे नाही." फोन त्यांनी तिन्ही वेळा खाली ठेवला.

गुरुवारी दुपारी बायको शेजारच्या खोलीतून धावत आली. "ऐकलंत का? धाकट्याने भिंत फोडली. सापडलं म्हणे कारण. त्याचाच सांधा होता भिंतीत, ढिला झालेला. त्याने साहेबांना लिहूनही दिलं. आता काम जातंय त्याचं." ती मटकन बसली. "एवढी वर्षं काम करतोय, आणि असा कसा चुकला हो?"

वस्ताद उठून उभे राहिले. भिंतीत सांधा! भिंतीच्या आत सांधा ठेवणं ही प्लंबरला शिवी आहे. शिकाऊ पोरसुद्धा ठेवत नाही. आणि त्या भिंतीतून गेलेला पाइप एकसंध होता, हे जगात दोघांनाच माहीत होतं. ज्याने टाकला त्याला, आणि ज्याने त्याला कापड गुंडाळलं त्याला. म्हणजे कापड सापडलं होतं. म्हणजे पान्याने ते हातात घेतलं होतं, आणि मग साहेबांकडे जाऊन, जी चूक तो झोपेतही करणार नाही, ती आपल्या नावावर लिहून दिली होती.

शुक्रवारी संध्याकाळी तो घरी आला. महिन्यापूर्वी नेलेली भोकं पाडायची मशीन परत द्यायला. बहिणीने त्याला बघून डोळ्यांना पदर लावला. तो म्हणाला, "ताई, रडतेस काय? नळ गळायचे थांबणार आहेत का जगात? मला काम कमी पडायचं नाही." चहा प्यायला. दोन घोट घेऊन म्हणाला, "साखर विसरलीस. तुझा नवरा तुला रागवत नाही का?" वस्ताद खिडकीबाहेर बघत होते. समोरच्या गच्चीवर कुणी वाळलेले कपडे काढत होतं. निघेपर्यंत पान्या एकदाही त्यांना थेट काही बोलला नाही आणि त्यांनीही त्याच्याकडे मान वळवली नाही. निघताना दारातून म्हणाला, "भावोजी, मशीन तुमच्या पेटीत ठेवली आहे."

शनिवारी सकाळी कामावर जायला म्हणून वस्तादांनी हत्यारांची पेटी उघडली. मशीनवर निळं कापड होतं, पांढऱ्या चौकटींचं. धुतलेलं, वाळवलेलं, चौघडी घातलेली. अकरा वर्षांच्या ओलीने मधोमध काळा डाग पडला होता, तो धुऊन गेला नव्हता. चिठ्ठी नव्हती, निरोप नव्हता.

ते पेटीपुढे उकिडवे बसले होते. मागून बायकोचा आवाज आला. "हा माझ्या पडद्याचा तुकडा ना? तुम्हाला फडकी शिवून दिली होती, ग्रंथालयाचं काम चाललं होतं तेव्हा." तिने तो उचलला, मुडपलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "एवढी वर्षं कुठे होता हा?"

वस्ताद पेटीतली हत्यारं सारखी करायला लागले.

"अहो, मी काहीतरी विचारतेय."

"भिंतीत होता," ते म्हणाले.

तिला कळायला वेळ लागला नाही. कित्येक वर्षं तिने पेल्याचा धडा दिवाणखान्यात बसून ऐकला होता. ती हळूच खाली बसली. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

"त्याला सापडला?"

"हो."

"आणि त्याने सांधा म्हणून सांगितलं."

"हो."

"तुमच्यासाठी केलं असेल असं वाटतं का तुम्हाला?" ती म्हणाली. "माझे टाके ओळखले त्याने. माझ्या हातचे टाके. मी पडदा कापला तेव्हा त्याच कापडाच्या उशा त्याच्या पोरांना शिवल्या होत्या. बहिणीचं नाव भिंतीतून बाहेर पडू नये म्हणून केलं त्याने." मग कापड त्यांच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "आता काय ते तुम्ही ठरवा. मी काही सांगणार नाही. आणि जेवायचं विचारायलाही येणार नाही."

ते तडक ग्रंथालयात गेले.

आपला गुन्हा कबूल करणं जितकं कठीण, त्याहून तो दुसऱ्याच्या गळी उतरवणं कठीण असतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. व्यवस्थापक साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, कापड पेन्सिलीच्या टोकाने उचलून बघितलं आणि म्हणाले, "वस्ताद, प्रकरण मिटलंय. प्लंबरने लेखी दिलंय. आता कशाला उकरताय?"

"त्याने खोटं लिहिलंय, साहेब."

"खोटं असलं तरी सहीचं आहे."

"त्याचं काम जातंय."

"नवा प्लंबर एक तारखेला येतोय. आता तुमच्या म्हणण्याने पुन्हा चौकशी, पुन्हा अहवाल." साहेब वैतागले. "मेहुण्यासाठी करताय ना हे? समजू शकतो मी. चांगला माणूस आहात. पण असं दुसऱ्याचं पाप अंगावर घेऊ नये."

वस्तादांनी कापडाची घडी उलगडून काळा डाग पुढे केला. खरं सांगितलं तर त्यातही त्यांचा चांगुलपणाच निघत होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात ग्रंथपाल बाई काही कामासाठी आत आल्या. त्यांनी टेबलावरचं कापड बघितलं, वस्तादांकडे बघितलं. "काय आहे हे?"

वस्तादांनी पुन्हा सांगितलं. या वेळी गवंड्यापासून सांगितलं. उंदराची थट्टा, शनिवारची फुशारकी, पेचकसाने कोंबलेलं कापड, आणि त्याच भिंतीवर तळवा ठेवून दिलेले धडे. मंगळवारी शिडीवर अंगठ्याला लागलेला ओलावाही सांगितला. बाई उभ्यानेच ऐकत होत्या.

"म्हणजे मंगळवारी तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"त्या दिवशी बोलला असता तर मंगळवारीच पाणी थांबवता आलं असतं. गुरुवारपर्यंत आणखी नऊ बाडं भिजली." त्या आवाज न चढवता म्हणाल्या. मग साहेबांकडे वळल्या. "नोंद बदला. ज्याचं आहे त्याच्या नावावर लिहा. नाहीतर मी माझ्या अहवालात लिहिते."

साहेबांनी सुस्कारा टाकून कोरा कागद पुढे सरकवला. वस्तादांना लिहायची सवय नव्हती. बराच वेळ लावून त्यांनी लिहिलं की, काम घाईत झाल्यामुळे भिंतीतील पाइपास कोट घालता आला नाही. साहेबांनी फोन करून पान्याला बोलावून घेतलं होतं. तो आला, कागद वाचला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला.

"घाई? कसली घाई, भावोजी? पुढे आठ दिवस हातात होते. मी तिथेच होतो. तुम्हाला गवंड्याकडे जायचं नव्हतं."

"भोक लहान होतं म्हणून..."

"भोक लहान होतं हे मला सांगायचं होतं! मी गेलो असतो त्याच्याकडे. मला कसली लाज?" तो थांबला. खोलीत साहेब होते, बाई होत्या. त्याने आवाज खाली आणला. "आणि मंगळवारी मी तुम्हाला विचारलं होतं. चारचौघांना नाही, तुम्हाला विचारलं होतं."

वस्तादांनी कागद फाडला, दुसरा घेतला. भोक मोठे करून घेण्याचा कमीपणा वाटल्याने मी कापड कोंबले व वरून लेप दिला. मंगळवारी विचारले असता खोटे सांगितले. प्लंबरचा दोष नाही. खाली सही केली. कागद पान्याकडे दिला. त्याने वाचून साहेबांपुढे ठेवला आणि बाहेर निघून गेला.

शेरा खोडला गेला, पान्याचं काम राहिलं. वस्तादांना ग्रंथालयाचं काम पुन्हा मिळणार नाही, असं साहेबांनी सांगितलं. फक्त ती वीत तेवढी त्यांनी दुरुस्त करून द्यायची. बाईंनी आणखी एक सांगितलं. शनिवारी दुपारी येऊन भिजलेली पानं सोडवायला बसायचं. टीपकागद घालायचा, हाडाच्या पट्टीने पान उचलायचं, घाई करायची नाही. "सबुरी आहे म्हणतात तुमच्याकडे," बाई म्हणाल्या. त्यांनी हे टोचून म्हटलं की साधंच, हे वस्तादांना कधीच कळलं नाही.

राहिलं भिंतीचं. पान्याने फोडलेलं भगदाड वेडंवाकडं होतं. भोक नीट गोल, कोटासकट पाइप जाईल एवढं बांधून घ्यायला गवंडी लागणार होता.

"कुणाला बोलवायचं?" पान्याने भिंतीकडे बघत विचारलं.

"मी जातो," वस्ताद म्हणाले.

गवंडी आता थकला होता, पण कामं घेत होता. अंगणात बसून घमेलं खरवडत होता. वस्ताद फाटकापाशी उभे राहिले. अकरा वर्षांत न निघालेलं वाक्य तोंडातून काढायचं होतं. "मामा," ते म्हणाले, "ग्रंथालयातलं एक भोक मोठं करून हवंय."

"कोण? अरे, वस्ताद! या की. उभे का?"

"मामा, त्या वेळी मी तुम्हाला उंदरावरून बोललो होतो."

"उंदीर?" गवंड्याने घमेलं खाली ठेवलं. "कुठला उंदीर?"

"ते तिरकं भोक... सगळ्यांसमोर... तुम्ही रागावला होतात."

गवंड्याने बराच विचार केला. मग मान हलवली. "काही आठवत नाही बुवा. दिवसाला दहा जण बोलतात मला. कुणाकुणाचं लक्षात ठेवू?"

दुसऱ्या दिवशी तो छिन्नी-हातोडा घेऊन आला. भोक साफ केलं, गोल केलं, आत दोन फाकांचं पोलादी नळकांडं बसवून कडा लिंपल्या. घड्याळ बघून म्हणाला, "वीस मिनिटं. त्या वेळी तर भोक ताजं होतं, पाव तासाचं काम होतं. का नाही बोलावलंत?"

वस्तादांनी पाइप पुसून पुरता कोरडा केला. रबराची नळी भिंतीतून आरपार सरकवली, कडांना गोंद लावला आणि थांबले. बोटाची पाठ टेकवून बघितली. आणखी थांबले. मग दाबत गेले, दोन्ही बाजूंच्या कोटाला जोडत गेले. शिडीवरून उतरून पान्याला म्हणाले, "हात घालून बघ."

पान्या चढला. नळकांड्यात चार बोटं घालून त्याने कोटाभोवती फिरवली, वरून, खालून, पलीकडून. फार वेळ फिरवली. पूर्वी त्याने वस्तादांचं काम असं कधी तपासलं नव्हतं. त्यांनीही तपासू दिलं नसतं.

"बसलंय," तो म्हणाला. 'भावोजी' म्हणाला नाही.

गवंडी निघून गेला होता. खाली विटांचा चुरा, पोपडे, सिमेंटची भुकटी पडली होती. कोपऱ्यात एक केरसुणी होती. वस्तादांनी ती घेतली आणि वाकून झाडायला लागले. हे काम त्यांचं नव्हतं, कुणी सांगितलंही नव्हतं. झाडत झाडत ते शिडीपाशी आले. तिच्या पायांखाली चुरा होता, तिथे थांबले. पान्या वर पट्टी गुंडाळत होता. त्याने खाली बघितलं. मग उतरला, न बोलता शिडी हातभर बाजूला सरकवली, आणि पुन्हा चढला.